घरचा भाव

वैराग
८ जुलै २०२४

अभिमन्यू,

सलाम. वहिनी आणि बुद्धप्रिया खुशाल असतील असं समजून लिहितो.

शाळा सुटल्यापासून तुला पत्र लिहिलं नव्हतं. आज लिहितोय, कारण फोनवर बोललेलं कुठं कुठं साठून राहतं ते तुला मला ठाऊक नाही. वाचून झाल्यावर हे पत्र घरात ठेवू नकोस.

शुक्रवारी दुपारी दुकानात दोन माणसं आली. पुरवठा खात्याची. ओळखपत्रं दाखवली, पाणी मागितलं आणि सरळ मागच्या गोदामात शिरली. कट्टे मोजले. तूरडाळीचे ऐंशी निघाले. ऐंशी कट्टे म्हणजे चार टन, आणि किरकोळ दुकानदाराला पाच टनांची मुभा आहे, म्हणजे मी नियमात बसलो. पण त्यांतला बारका माणूस जाता जाता हसून म्हणाला, "चाचा, गेल्या महिन्यात तर एकशे ऐंशी होते की."

अभिमन्यू, हा आकडा त्याला कुणी सांगितला? हमाल तोंड उघडत नाहीत. आरिफ माझा मुलगा. बाहेरचा माणूस गोदामात आलाच असेल तर तो एकच. १३ जूनला तू आलास, बाहेर ऊन म्हणून आत कट्ट्यांवर बसलास, पाऊण तास गप्पा मारल्यास, चहा घेतलास, दोन किलो डाळ घेतलीस. आणि जाताना त्या टॅबमध्ये काहीतरी भरलंस.

मी तुझ्यावर आरोप करत नाही. विचारतोय. तू दर महिन्याला त्यात काय भरतोस?

मौला मणियार


कुंभारी
१४ जुलै २०२४

मौला,

जय भीम आणि सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. सातवीत माझ्या दप्तरातल्या भाकरीवर डल्ला मारणारा तू, आणि आज मी तुझे कट्टे मोजतो म्हणतोस.

मी काय भरतो ते ऐक. देशभरात हजारो दुकानं ठरवून दिलेली असतात. तिथं माझ्यासारखी माणसं दर महिन्याला जाऊन तोच माल, त्याच प्रतीचा, काय भावानं विकला ते विचारतात. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, साबण, शिलाई, केस कापायचे दर. सगळे भाव एकत्र करून महागाईचा आकडा निघतो. वैरागात आमच्या यादीवर तुझं दुकान आहे आणि त्याला आता सहा वर्षं झाली. कट्टे किती, गोदाम कुठं, हे कुणी मला विचारत नाही आणि मी सांगत नाही. टॅबमध्ये तसा रकानाच नाही.

गुरुवारी मी ठरल्याप्रमाणे आलो होतो. शटर अर्धं खाली. आरिफ आतूनच म्हणाला, "अब्बा न्हाईत, काका." तुझ्या चपला मला बाहेरून दिसत होत्या. मी 'दुकान बंद' असं भरून पुढच्या गाडीनं निघालो. आता त्या बंद दुकानापायी आमचे साहेब विचारतायत, की सहा वर्षांत कधी बंद नव्हतं ते आत्ताच कसं.

त्या बारक्या माणसाला आकडा कुणी दिला ते मला माहीत नाही. मी दिला नाही. एवढ्यावर तुझा विश्वास बसला तर बरं, नाही बसला तर मी आणखी काय करू ते सांग.

अभिमन्यू शिवशरण


वैराग
२७ जुलै २०२४

अभिमन्यू,

चपलांचं खरं आहे. मी आतच होतो. लपवत नाही.

पण तुझ्या पत्रानं उलट होती ती झोपही उडाली. तू स्वतःच लिहिलंस, की मी भाव विचारतो, त्याचा आकडा होतो. मग तो आकडा जातो कुठं? दिल्लीत. तिथं कुणीतरी बघतो की डाळ चढली. मग ते साठ्यावर मर्यादा घालतात, बाहेरच्या देशांतली तूर बिनकराची उतरवतात, आणि सणाच्या तोंडावर भाव पाडतात. म्हणजे सुरुवात कुठून झाली? माझ्या काउंटरवरून. मी चहा पाजतो आणि तू माझाच भाव माझ्यावर उलटवतोस. तू मुद्दाम करतोस असं म्हणत नाही, पण होतंय तेच.

आणि तुझं पत्र आल्यावर दोनच दिवसांत, मंगळवारी, एक चष्मेवाला आला. हातात कापडी पिशवी, पण पिशवीची घडीसुद्धा मोडली नव्हती. अर्धा किलो तूरडाळ मागितली. भाव विचारला. मी किलोला एकशे बाहत्तर म्हटलं. पैसे दिले आणि कागदावर लिहून दे म्हणाला. अर्ध्या किलोला कोण कागद मागतं? गल्लीच्या टोकाला त्याची गाडी उभी होती, सोलापूरची.

तो तुझाच माणूस ना?

मौला


कुंभारी
४ ऑगस्ट २०२४

मौला,

होय, तो आमचाच माणूस. आमचे साहेब. तुझ्यावर नाही, माझ्यावर पाळत ठेवायला आले होते. आता नीट बसून वाच, कारण माझ्या भाकरीचा प्रश्न आहे.

जूनमध्ये तुझ्या दुकानातला तूरडाळीचा भाव मी एकशे बेचाळीस भरला. मे महिन्यात एकशे बेचाळीस, एप्रिलमध्येही तोच. आणि साहेबांना तू तोंडावर एकशे बाहत्तर सांगितलास, वर लिहून दिलास. त्यांनी शेजारच्या दोन दुकानांत विचारलं. तिथं जूनमध्येच एकशे सत्तर होता. काल मला नोटीस मिळाली. त्यात लिहिलंय की मी दुकानदाराशी संगनमत करून मनाचे भाव भरले. पुरावा म्हणून टॅबनं नोंदलेली जागा आणि वेळ. भाव विचारायला दहा मिनिटं पुरतात, मी तुझ्याकडं दर वेळी पाऊण तास होतो. त्या पाऊण तासात काय व्यवहार चालायचा, असं विचारलंय. चहा प्यायचो असं लिहून दिलं तर कोण ऐकणार?

माझं काम अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहे हे तुला माहीत आहे. सप्टेंबरअखेर करार संपतो. डाग लागला तर पुढचा नाही. सत्तावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण घेणार? बुद्धप्रियाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे.

पण त्याहून एक गोष्ट मला टोचतेय. मौला, तू मला दर महिन्याला कुठला भाव सांगत होतास?

मंडळी, म्हणजे तुझी वहिनी, गेली दोन वर्षं कुरकुर करते, की शेजारणीला डाळ केवढ्याला पडते आणि तुम्ही आकडे केवढ्याचे सांगता. मी तिला म्हणायचो, तुला बाजार कळत नाही, मी तिथं जाऊन विचारतो. एकदा तर शेजारीण खोटं सांगते असंही म्हणालो. आता तुझ्या वहिनीसमोर बसायची मला लाज वाटते.

दोन ओळी लिहून दे. मी दुकानात येऊन विचारत होतो, आणि तू मला एकशे बेचाळीस सांगत होतास, आणि का सांगत होतास. बस्स. २४ सप्टेंबरला सुनावणी आहे. मला दुकानात यायला बंदी घातलीय, नाहीतर स्वतः आलो असतो.

अभिमन्यू


वैराग
१९ ऑगस्ट २०२४

अभिमन्यू,

तू विचारलंस म्हणून सांगतो. तो घरचा भाव होता.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलास तेव्हा तुझ्या हातात पिशवी होती. म्हणालास, "मौला, डाळ काय भावानं दिलीस?" मी मला पडलेला भाव सांगितला. घरच्या माणसाकडून नफा घ्यायचा नाही, हे आमच्या अब्बांपासून चालत आलंय. त्यानंतर तू दर महिन्याला तसाच विचारत गेलास, मी तसाच सांगत गेलो, आणि त्याच भावानं तुला दोन किलो बांधून देत गेलो. गूळ, शेंगदाण्याचंही तसंच. गिऱ्हाइकाचा भाव पाटीवर असतो, तो तू कधी पाहिलाच नाहीस. तुझी पाठ पाटीकडं असायची.

आणि सगळं खरं सांगायचं तर, तू सरकारी कामासाठी लिहितोस हे मला पुढं पुढं कळलं होतं. तेव्हा वाटलं, सरकारी माणसाला कमी भाव सांगितलेला बराच. ज्याचा भाव कमी त्याच्याकडं कोण बघतो?

आता दोन ओळींचं. तू म्हणतोस, का सांगत होतास तेही लिही. तिथंच घोडं अडतं. एकशे बेचाळीस हा मला पडलेला भाव, आणि तो फेब्रुवारीतला. फेब्रुवारीतली डाळ माझ्याकडं जूनमध्ये होती, जुलैमध्ये होती, हे मी माझ्या सहीनं लिहून द्यायचं? शंभर कट्टे गेले कुठं, हेच तर त्या बारक्या माणसाला हवंय. साठ्याची मर्यादा ३० सप्टेंबरपर्यंत आहे.

रागावू नकोस, पण मनात येतं ते लिहितो. जे त्या दोघांना गोदामात सापडलं नाही, तेच तुला लेखी हवंय. तारखेसकट.

त्यापेक्षा मी असं लिहून देतो, की जूनमध्ये मी सगळ्यांनाच एकशे बेचाळीसनं विकली आणि जुलैत भाव वाढवला. चालेल का कळव.

मौला


कुंभारी
१ सप्टेंबर २०२४

मौला,

चालणार नाही. साहेब तुझ्या चार गिऱ्हाइकांना विचारतील आणि चौघंही सांगतील की जूनमध्ये एकशे सत्तर मोजले. मग मी नुसता खोटे भाव भरणाराच नाही, खोटे कागद आणणाराही ठरेन.

घरच्या भावाचं वाचलं तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. खरं सांगू, पहिल्यांदा बरं वाटलं. या माणसानं सहा वर्षं माझ्याकडून एक रुपया नफा घेतला नाही. आणि मग राग आला, तो अजून उतरलेला नाही. तुझ्या मायेपोटी सहा वर्षं मी देशाला खोटा भाव कळवत राहिलो. हजारो दुकानांत एका दुकानानं आकडा फार हलत नसेल. पण त्याच आकड्यावरून कामगारांचा महागाई भत्ता ठरतो, बँका व्याज ठरवतात, डाळ बाहेरून आणायची की नाही ते ठरतं. आपल्यासारख्या देशात निम्मा पगार पोटातच जातो, मौला. तिथं डाळीचा भाव चुकला तर माणसाची भूकच कमी मोजली जाते. माझीही चूक आहे. नियमानं चार गिऱ्हाइकांशी बोलून खात्री करायला हवी होती. तुझ्या दुकानात मी ती कधी केली नाही. तुझ्या शब्दावर कशाला खात्री, असं वाटायचं.

तुझ्या पत्रातलं शेवटाकडचं ते वाक्य मी विसरणार नाही. तारखेसकट म्हणे. मी तुझा खबऱ्या असतो तर मला तुझ्या सहीची गरज का पडली असती? तुझी १९ ऑगस्टची पानं माझ्याकडं होतीच की. तीच नेऊन दिली असती. दिली नाहीत. तुझं हे एक पत्र मी साहेबांना दाखवलं असतं तर मी सुटलो असतो, आणि तू अडकला असतास. म्हणून कालच चुलीत घातलं. तू पहिल्या पत्रात सांगितलंस तसंच केलं.

आता माझ्याकडं काही नाही. २४ तारखेला मंगळवारी अकरा वाजता सोलापूरला आमच्या ऑफिसात ये. लिहू नकोस, नुसतं तोंडी सांग, की हा येत होता, विचारत होता, आणि मी त्याला दोस्तीखातर कमी सांगत होतो. फेब्रुवारीचं नाव काढू नकोस. मी बाहेरच्या बाकड्यावर असेन.

अभिमन्यू


वैराग
३ ऑक्टोबर २०२४

अभिमन्यू,

सलाम. महिनाभर लिहिलं नाही, माफ कर. २४ तारखेला मी सोलापूरच्या गाडीत बसलो होतो. शपथेनं सांगतो. पण मनात आलं, तिथं पुरवठ्याचाही माणूस बसवलेला असला तर? तोंडी म्हणतात आणि आत टेप चालू असते. गाडी सुटायच्या आधी उतरलो.

सोमवारी मर्यादा संपली. आता लिहायला हरकत नाही. सोबत दोन पानं जोडली आहेत, मराठीत, अंगठ्यासकट सही. सगळं लिहिलंय. तू येत होतास, मी घरचा भाव सांगत होतो, तो फेब्रुवारीतल्या मालाचा होता, शंभर कट्टे माझ्या बहिणीच्या, मदिनाबी आपाच्या घरी हलवले होते. काहीही वगळलं नाही. यापेक्षा पक्का कागद तुला कुणी देणार नाही.

आपा रोज भांडत होती. "मेरे घर में गोदाम बनाया, मेरेकू पूछा क्या?" डाळीत किडे पडले होते. भावही उतरतोय. ज्यासाठी एवढं लपवलं त्यात काही राहिलं नाही.

आणखी एक. हे लिहायचं नव्हतं, पण आता सगळंच लिहितोय तर हेही. तो एकशे ऐंशीचा आकडा तू दिला नव्हतास. मर्यादा आली तेव्हा साठा सरकारच्या साइटवर भरायचा होता. आरिफनं पहिल्या आठवड्यात मला न विचारता खरा भरला, एकशे ऐंशी. दुसऱ्या आठवड्यात मी सांगितल्यावर ऐंशी भरला. दोन आठवड्यांत शंभर कट्टे विकले गेले म्हटल्यावर ते बघायला येणारच. पोरगा घाबरून गप्प बसला होता. १० ऑगस्टला त्यानं मला सांगितलं.

कागद लगेच नेऊन दे. तुझं काम होईल.

तुझा मौला


कुंभारी
१७ ऑक्टोबर २०२४

मौला,

कागद मिळाला. सुनावणी २४ सप्टेंबरला झाली, हे तुला ठाऊक होतं. मी अकरापासून बाकड्यावर बसलो होतो. प्रत्येक मोटार थांबली की उठून बघत होतो. दीडला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, "दुकानदार आला काय?" मी म्हटलं, येईल. २६ला आदेश निघाला. करार पुढं नाही, आणि पुन्हा कुठल्याही अशा कामावर घ्यायचं नाही.

अपिलाला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. तुझी दोन पानं घेऊन मी दोनदा कुंभारीच्या स्टँडवर गेलो. मी सुटलो असतो, यात शंका नाही. साहेबांनाही तसं वाटलं असतं.

पण तुला एक गोष्ट कुणी सांगितली नाही का? मर्यादा संपली म्हणजे तिच्या काळात केलेलं संपत नाही. तू सही करून, अंगठा उठवून, तारखा घालून लिहून दिलंस की जुलैत तुझ्याकडं नऊ टन डाळ होती आणि शंभर कट्टे तू बहिणीच्या घरी लपवले. या कागदावर तुझ्यावर खटला उभा राहतो. मदिनाबी आपावरही. तुझा परवाना जातो. तू हयातभर प्रत्येक माणसाला उलटंसुलटं तपासून घेतलंस, आणि जो कागद खरोखर बुडवणारा होता तो दोन रुपयांच्या पाकिटात घालून मला पाठवलास.

मुदत परवा संपली. कागद दिला नाही. बुद्धप्रियानं विचारलं, पप्पा, का दिला नाही. मला धड सांगता आलं नाही. ती रडली. शेवटच्या सहामाहीची व्यवस्था तिनं स्वतःच केली, एका दवाखान्यात संध्याकाळची ड्यूटी धरून.

तुझी १० ऑगस्टची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. १० ऑगस्टला तुला कळलं होतं की मी निर्दोष आहे. आणि १९ ऑगस्टला तू मला लिहिलंस, तारखेसकट. ते पत्र मी चुलीत घातलं याचं मला आता वाईट वाटतं. मला ते पुन्हा वाचायला हवं होतं, की असं लिहिताना तुझा हात कसा वळला.

हा कागद मात्र चुलीत घातलेला नाही. दोनदा काडी पेटवली आणि विझवली. मी तो कुणाला देणार नाही. पण जाळायचं काम माझं नाही, तुझं आहे. पोस्टानं परत पाठवणार नाही. चाळीस वर्षांत तू कुंभारीला माझ्या घरी एकदाही आला नाहीस, नेहमी मीच आलो. या वेळी तू ये. स्वतःच्या हातानं घेऊन जा. जेवून जा. माझ्या तोंडाकडं बघून एकदा विचार, जे जुलैत पत्रात विचारलंस.

रविवारी मी घरीच असतो. आता सगळे दिवस घरीच असतो.

अभिमन्यू


वैराग
२२ ऑक्टोबर २०२४

अभिमन्यू,

तुझं पत्र आरिफकडून वाचून घेतलं. मला स्वतःला वाचवेना. तू केलंस ते माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं. मी रविवारी येतो. सकाळच्या गाडीनं.

घरी त्या दिवशी आणखी कोण कोण असणार, तेवढं आधी कळव.

मौला